72 घरांचा कापडी मोक्षपट: आठ महिने खेळवून झाल्यावर

ज्ञान चौपड किंवा मोक्षपट (सापशिडीचं जुनं मूळ रूप) म्हणून विकला जाणारा 72 घरांचा कापडी पट गेले आठ महिने मुलांच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा खेळला जातोय. खेळणारी मुलं आठ ते तेरा वयाची, एका डावाला चार. संचात जाड सुती कापडावर छापलेला पट (60 सेंमी बाय 54 सेंमी, प्रत्येक घर 6 सेंमीचं), सहा कवड्या, लाखेच्या रंगाच्या चार लाकडी सोंगट्या आणि नियमांचं एक पानी पत्रक येतं. हा पट घ्यावा का, तर जरूर घ्यावा. मात्र पत्रकातले दोन नियम बदलून घ्यावे लागतील, आणि पट ज्या घडीत येतो त्या घडीत एक दिवसही ठेवू नये.

आधी मांडणी. आडव्या ओळीत 9 घरं, अशा 8 ओळी. शेतात नांगर वळतो तसे आकडे वळतात: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. जिंकायचं घर 72 नाही, 68 आहे. ते वैकुंठ, सगळ्यात वरच्या ओळीच्या बरोबर मध्यावर, देवळाच्या कळसाच्या जागी. पुठ्ठ्याच्या सापशिडीवर वाढलेल्या मुलांना हे पहिल्यांदा चुकीचं वाटतं. शेवटचं घर सोडून पाचव्याला काय जिंकायचं?

वैकुंठाच्या खालचा मधला उभा रकाना खालून वर वाचत जा: 5 भूलोक, 14 भुवर्लोक, 23 स्वर्लोक, 32 महर्लोक, 41 जनलोक, 50 तपोलोक, 59 सत्यलोक. संध्येतल्या सात व्याहृती, म्हणजे सात लोकांची नावं, क्रमानं, आणि त्यांच्या डोक्यावर 68. पटाचा हा कणा आहे. खालच्या अर्ध्या भागातल्या चार शिड्या थेट या कण्यावर आणून सोडतात: 10 शुद्धीवरून स्वर्लोकात, 20 दानावरून महर्लोकात, 27 परमार्थावरून जनलोकात, 28 सुधर्मावरून तपोलोकात. हा रकाना एकदा बोटानं दाखवला की मुलं पट आकड्यांनी वाचायचं सोडून नावांनी वाचू लागतात. पत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

दुसरी वाचण्याजोगी जागा म्हणजे तळाची ओळ. 1 जन्म, 2 माया, 5 भूलोक. उरलेली सहा घरं 3 क्रोध, 4 लोभ, 6 मोह, 7 मद, 8 मत्सर, 9 काम. षड्रिपू पूर्ण झाले. पटावर साप दहा आहेत, त्यांतल्या सातांच्या शेपट्या याच ओळीत उतरतात: एक मायेवर आणि एकेक प्रत्येक रिपूवर. साप वर कुठेही गिळो, 24 वरची कुसंगती असो नाहीतर 29 वरचा अधर्म, परत येऊन पडायचं ते मद-मोहाच्याच दारात.

छपाईत हीच जागा सगळ्यात वाईट उतरली आहे. सात शेपट्या शेजारीशेजारी, सगळ्या एकाच काळपट हिरव्या रंगात. 55 अहंकाराचा साप 3 क्रोधावर उतरतो आणि 63 तामसाचा साप सगळा पट तिरका ओलांडून 2 मायेवर येतो. या दोन शेपट्या कोणती कुणाची यावरून जवळजवळ प्रत्येक डावात भांडण होतं. त्यावर उपाय सोपा निघाला. प्रत्येक सापाच्या कडेनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं साधा धावदोरा घातला. दहा सापांना दोन संध्याकाळी लागल्या, भांडणं थांबली.

आता कवड्या. पत्रक सांगतं: सहा कवड्या टाका, जितक्या उताण्या पडतील तितकं दान. आणि पुढच्याच ओळीत: सहा पडल्याशिवाय जन्म नाही, म्हणजे सोंगटी पटावर यायचीच नाही. हा दुसरा नियम फाशाच्या खेळातला आहे, तो कवड्यांना तसाच चिकटवलाय. फाशावर सहाचं दान सरासरी सहा टाकांत एकदा येतं. सहा कवड्या सगळ्याच्या सगळ्या उताण्या पडायला, प्रत्येक कवडी समान शक्यतेनं दोन्हीकडे पडते असं धरलं तरी, सरासरी 64 टाका लागतात. चार मुलं असतील तर अर्धा-पाऊण तास कुणाचा जन्मच होत नाही. पहिल्या आठवड्यात दोन डाव याच कारणानं सोडून द्यावे लागले.

आता इथे नियम असा आहे: शून्य, एक, पाच किंवा सहा, यांपैकी काहीही पडलं की जन्म. ही चारही दानं दुर्मिळ. 64 पैकी शून्याला 1, एकला 6, पाचला 6, सहाला 1, मिळून 14. म्हणजे चार-पाच टाकांत एकदा जन्म होतो, फाशाच्या जवळपास. शून्याबद्दल, म्हणजे सगळ्या पालथ्या पडल्या तर काय, पत्रक गप्पच आहे. आमच्याकडे जन्मानंतर शून्य पडलं तर डाव हुकतो.

मग सरळ फासा का वापरू नये? लहान मुलांसाठी वापरा, काही बिघडत नाही. पण मोठ्यांना कवड्याच द्या, कारण कवड्यांनी पटाचा स्वभाव बदलतो. फाशावर एक ते सहा सगळी दानं सारखी. सहा कवड्यांवर तीन सगळ्यात जास्त (64 पैकी 20), त्याखालोखाल दोन आणि चार (प्रत्येकी 15). आता घर 51 बघा, पृथ्वी. 72 तमोगुणावरचा साप इथे आणून टाकतो, त्यामुळे वरून घसरलेला खेळाडू हमखास इथे बसलेला असतो. इथून एक पडलं तर 52 हिंसा, तिथला साप 35 नरकलोकात नेतो. तीन पडले तर 54 भक्ती, तिथून शिडी थेट वैकुंठात. चार पडले तर 55 अहंकार, तिथून क्रोध. फाशावर तिन्हींची शक्यता एकसारखी, सहात एक. कवड्यांवर भक्ती सुमारे 31 टक्के, अहंकार 23, हिंसा 9. घसरलेल्याला सगळ्यात सोपं दान भक्तीचं, पण अहंकार फार मागे नाही. घर 54 आणि घर 55 डाव्या काठावर एकमेकांच्या डोक्यावर आहेत, अंतर एका कवडीचं. 51 वर सोंगटी असली की बाकीची तिघंही पुढे वाकून बसतात.

मात्र प्रत्येक कवडी सारखी नसते. संचातल्या सहापैकी दोन कवड्या ठरावीक बाजूलाच पडत होत्या. कवडी विकत घेतली की तिला एकटीला 50 वेळा टाकून बघा. 50 पैकी 18 ते 32 वेळा उताणी पडली तर चालवून घ्या, त्याबाहेर गेली तर बदला. पाठ फुगीर असलेल्या आणि पाठ घासून सपाट केलेल्या कवड्या एका संचात मिसळू नका, त्या वेगवेगळ्या लोळतात. कवड्या मिळतच नसतील तर चिंचोके आहेतच. फरशीवर घासून एक बाजू पांढरी करायची, सहा चिंचोके, पांढरी बाजू वर ती उताणी. त्यांचीही तीच 50 ची परीक्षा घ्यावी. आणि दान पटावर टाकू नका. कापड गोळा होतं, सोंगट्या आडव्या होतात. शेजारी परात ठेवा, तळाला फडकं घातलं की आवाज नाही आणि कवडीचा टवकाही उडत नाही.

बदललेला दुसरा नियम वरच्या ओळीचा. 17 दयेची शिडी पटावरची सगळ्यात लांब, 52 घरांची, आणि ती 69 ब्रह्मलोकात नेते. 69 म्हणजे वैकुंठाच्या पुढे. मुलं लगेच म्हणतात, मी 68 ओलांडलं, मी जिंकलो. नाही. 68 वर नेमकं थांबावं लागतं; पुढे गेलेल्यानं 70 सत्त्वगुण, 71 रजोगुण, 72 तमोगुण असं चालत जाऊन सापाच्या तोंडातून 51 वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पत्रकात लिहिलंय, ‘नेमके दान न पडल्यास जागेवर थांबावे’. हा नियम 72 च्या कडेला ठीक आहे, कारण पुढे घरच नाही. पण पत्रकानं तो 68 लाही लावलाय, आणि त्यामुळे वरच्या ओळीचा डाव्या हाताचा अर्धा भाग जवळजवळ निरुपयोगी होतो. आम्ही 68 ओलांडायला मोकळीक दिली आणि थांबण्याचा नियम फक्त 72 साठी ठेवला. डाव दहा-पंधरा मिनिटांनी वाढला, पण शेवट खूपच रंगतो. फाशावर चौघांचा डाव पाऊण तासाच्या आत आटोपतो, कवड्यांवर तासाला येतो.

पत्रकाच्या मागच्या बाजूला इतिहास दिलाय. तो वाचून दाखवणार असाल तर दुरुस्ती करून दाखवा. ‘हा खेळ 13 व्या शतकात संत ज्ञानेश्वरांनी निर्माण केला’ असं तिथे ठाम विधान आहे. महाराष्ट्रात ही परंपरा मनापासून मानली जाते, तिचा मान राखून मुलांना ती परंपरा म्हणूनच सांगावी. जे प्रत्यक्ष पट आज जपलेले आहेत ते 18 व्या शतकापासूनचे. जैनांचे 84 घरांचे, वैष्णवांचे 72 चे, सूफी वळणाचे शंभरच्या आसपासचे असे अनेक प्रकार आहेत. तमिळनाडूत हाच खेळ परमपद सोपानम् म्हणून वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणाला खेळतात. एकाच माणसाच्या हातून एकदाच घडलेली ही वस्तू वाटत नाही. पंथापंथानं आपापली नावं घालून तो वाढवलाय, आणि मुलांना हेच जास्त आवडतं, कारण मग त्यांनाही पट करून बघावासा वाटतो.

असा एक पट 1831 मध्ये मेजर हेन्री डंडस रॉबर्टसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला, तो तिथे आजही आहे. 1892 मध्ये एफ. एच. आयर्स यांनी लंडनला सापशिडीचं पेटंट घेतलं. त्या काळच्या इंग्रजी पटांवर घरांना नावं होती, पण त्यांची: काटकसर, पश्चात्ताप आणि उद्योग यांवरून शिडी, आळस, अवज्ञा आणि चैन यांवर साप. वैकुंठ गेलं, त्या जागी यश आणि समाधान आलं. पुढे तीही नावं गळाली आणि 100 आकडे उरले. अमेरिकेत 1943 मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीनं सापच काढून घसरगुंड्या घातल्या. पचिसीवरून बेतलेल्या ल्युडोचं पेटंट 1896 चं. आपल्या बाजारातल्या पुठ्ठ्याच्या एका बाजूला सापशिडी आणि दुसऱ्या बाजूला ल्युडो असते. दोन्ही इथून गेले आणि चार वर्षांच्या अंतरानं तिकडचं नाव लावून परत आले.

पत्रकातलं आणखी एक वाक्य: ‘प्राचीन पटावर साप जास्त व शिड्या कमी असत’. काही पटांबद्दल असेल, याच पटावर मात्र दोन्ही दहा-दहा आहेत. छापणाऱ्यानं स्वतःचाच पट मोजलेला नाही. फरक संख्येत नसून लांबीत आहे. दहा शिड्या मिळून 232 घरं चढवतात, दहा साप मिळून 290 घरं उतरवतात. ही बेरीज मुलांकडून करून घ्या, सहावी-सातवीच्या मुलांना ती अर्ध्या तासात जमते, आणि ‘चढ अवघड, घसरण सोपी’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

सोंगट्या दिसायला सुरेख, रंग आठ महिन्यांत उडाला नाही. पण बूड जेमतेम 12 मिलिमीटरचं. कापडाला सुरकुती असली की पडतात. आम्ही बुडाला रुपयाचं नाणं चिकटवलं.

कापडाचं मात्र दुखणं आहे. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला आणि बाणासारखी टोकं असलेल्या शिड्यांच्या कडा पसरल्या. त्यानंतर मुठभर मीठ घातलेल्या गार पाण्यात तासभर भिजवून, न पिळता, सावलीत वाळवला. पुन्हा रंग सुटला नाही. घ्याल तेव्हा पहिलं धुणं असंच करा. खरं नुकसान घडीचं. पट आठ पदरी घडी घालून पिशवीत येतो. उभे रकाने नऊ, म्हणजे मधली घडी दोन घरांच्या मधून न जाता बरोबर पाचव्या रकान्यातून जाते. त्याच कण्यातून. तिसऱ्या महिन्यात 41 आणि 50 ची अक्षरं तडकली, पाचव्यात वैकुंठातला ‘कुं’ गेला. आडवी घडी चौथ्या-पाचव्या ओळींच्या मधून जाते, तिथे काही झालं नाही. दुसरा पट आला त्या दिवशीच घडी मोडून, उलट्या बाजूनं मंद इस्त्री फिरवून, कापड दुकानात ठाणाची रिकामी पुठ्ठ्याची नळी मिळते तिच्यावर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळला. त्याला आता चार महिने झाले, सात लोक आणि वैकुंठ सगळी अक्षरं शाबूत आहेत.