रायफलचा नंबर पावतीवर होता, लाकडाचा नव्हता

माझी रायफल ली-एनफिल्ड, .३०३ची, नंबर एक मार्क तीन स्टार. मागचा दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी सॉकेटच्या उजव्या अंगावर १९१८ साल ठोकलेलं आहे. लाकूड अक्रोडाचं, जवसाच्या तेलाने काळपट झालेलं. नळीखालचा लांब लाकडी भाग, म्हणजे फोरएंड, त्याच्या टोकाशी खालच्या बाजूला रायफलचाच नंबर. रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य लोखंडी भाग), बोल्ट (मागेपुढे सरकवून काडतूस आत ढकलणारा भाग), नोजकॅप (नळीच्या तोंडाशी लाकडावर बसणारी लोखंडी टोपी) आणि लाकूड, चौघांवर एकच आकडा. इतक्या वर्षांनी असा जुळलेला संच हाती राहणं किती दुर्मीळ, हे ज्यांना या रायफलींची ओढ आहे त्यांना सांगायला नको. माझ्याकडे आता तो संच नाही. कसा गेला ते सविस्तर लिहितो, कारण ज्या पद्धतीने फसवलं गेलं ती बाहेरून अजिबात दिसत नाही.

तक्रार साधी होती. मागचा दस्ता किंचित हलायचा आणि निशाण्यावर जवळजवळ पडायला हव्यात त्या गोळ्यांचा गट पसरत चालला होता. परवानाधारक कारागीर होता, ओळखीच्या दोघांनी नाव सुचवलं होतं. त्याने रायफल हातात घेतली, दस्ता हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, दस्ता घट्ट करतो आणि बेडिंगही नव्याने करून देतो. फॅक्टरीतून आल्यासारखी बसेल." बेडिंग म्हणजे लोखंडी भाग लाकडात नेमके टेकवून बसवणं. पूर्ण पैसे आगाऊ घेतले. पावती दिली, तिच्यावर रिसीव्हरचा नंबर लिहिला. फोरएंडवरचा नंबर लिहायला मी सांगितलं नाही आणि सुटे भाग करून फोटोही काढले नाहीत. रायफल एकच, नंबर एकच, मग वेगळं काय लिहायचं, असं मला वाटलं.

तीन आठवडे म्हणाला होता, अडीच महिने लागले. रायफल परत आली तेव्हा इतकी देखणी दिसत होती की मी आनंदाने दोनदा आभार मानले. लाकूड गडद, तुळतुळीत, हाताला रेशमासारखं. दस्ता तसूभर हलत नव्हता. नंबरही होता. मी तो पाहिला आणि निर्धास्त घरी आलो.

मैदानावर पहिल्या पाच गोळ्या ठीक गेल्या. मग गट सरकू लागला, आधी वर, मग डावीकडे. विसाव्या गोळीनंतर नेम कुठे लावावा हेच कळेना. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ट्रिगर गार्डचा, म्हणजे चापाभोवतीच्या लोखंडी कडीचा, पुढचा स्क्रू तपासला, तो घट्ट होता. पण फोरएंड धरून पुढेमागे ओढलं तर लाकूड हललं. स्क्रू घट्ट आणि लाकूड सैल, हे कसं शक्य आहे, हा प्रश्न घेऊन मी एका निवृत्त आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या, काकांकडे गेलो.

काकांनी आधी नंबर पाहिला. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. "हा आत्ता ठोकलाय," म्हणाले. जुन्या ठशाच्या कडा हाताळून गोल होतात आणि खाचेत तेल आणि मळ मुरून ती आजूबाजूच्या लाकडापेक्षा काळी पडते. इथे कडा धारदार होत्या, खाचेच्या तळाशी तुटलेले तंतू दिसत होते आणि वरून रंग लावलेला होता. मग त्यांनी फोरएंड उतरवलं. स्क्रूच्या भोकाच्या आत रंग पोचला नव्हता. तिथलं लाकूड फिकट गुलाबीसर होतं, बारीक ठिपक्यांचं. ते बीच होतं. युद्धकाळात रायफलींना बीचही वापरलं जायचं, त्यामुळे बीच वाईट असं नाही. पण माझं लाकूड अक्रोडाचं होतं.

खरी लबाडी त्याच्याही आत होती. गोळी सुटली की रिसीव्हर मागे येतो आणि तो धक्का फोरएंडमधल्या दोन छोट्या पृष्ठभागांवर जातो. मॅगझिनच्या मागे, दोन्ही अंगांना. त्यांना ड्रॉज म्हणतात. या रायफलीचं सगळं बेडिंग तिथून सुरू होतं. ते दोन्ही बाजूंना सारखे टेकले पाहिजेत, शिवाय फोरएंडचं मागचं टोक सॉकेटला चिकटता कामा नये, बारीकशी फट हवी. लिथगोच्या ऑस्ट्रेलियन कारखान्यात मऊ कोचवुड वापरायला लागले तेव्हा या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या, इतका मार तिथे बसतो. माझ्या ड्रॉजमध्ये लाकूडभुसा आणि इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाचा, लगदा भरला होता. वीस गोळ्यांत त्याचा चुरा झाला. पकड नसल्याने फोरएंड आदळत राहिलं आणि मागच्या बाजूला केसाएवढी चीर पडायला सुरुवात झाली होती.

स्क्रूचं कोडंही तिथेच सुटलं. त्या स्क्रूवर आत एक लोखंडी कॉलर असते. ती ट्रिगर गार्ड आणि रिसीव्हर यांच्यात बसते आणि लाकूड किती दाबलं जाईल ते तिच्या लांबीवर ठरतं. नव्या लाकडाची जाडी कमी, कॉलर जुनीच. स्क्रू कॉलरवर जाऊन आवळला जायचा आणि लाकूड मोकळंच राहायचं. नोजकॅपजवळ नळीला खालून हलका रेटा देणारा स्टड आणि त्याची स्प्रिंग, दोन्ही गायब. नळी लाकडावर एका बाजूने टेकत होती.

मग माझ्या मूळ लाकडाचं काय झालं? उत्तर एका लहानशा पत्र्यात सापडलं. या मॉडेलमध्ये मागचा दस्ता एका लांब बोल्टने (वर सांगितलेला नव्हे, आटे असलेला वेगळा) धरलेला असतो. बोल्टचं चौकोनी टोक सॉकेटमधून बाहेर येऊन फोरएंडच्या मागच्या टोकातल्या कीपर प्लेटमध्ये अडकतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होत नाही. म्हणूनच दस्त्याच्या बोल्टला हात लावण्याआधी फोरएंड उतरवावंच लागतं. नाहीतर बोल्ट फिरताना प्लेट फिरते आणि लाकूड उभं फाटतं. माझी जुनी प्लेट नव्या लाकडात बसवली होती आणि तिच्या खाचेचे कोपरे पिळवटलेले होते. काकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. काही बोलले नाहीत.

मी कारागिराकडे गेलो. आधी म्हणाला, लाकूड तेच आहे, पॉलिशमुळे वेगळं दिसतं. प्लेट दाखवल्यावर म्हणाला, जुनं कुजलं होतं, तुमच्या भल्यासाठीच बदललं. ते कुजकं लाकूड द्या म्हटलं तर म्हणाला, जाळलं. मला ते खरं वाटत नाही. चिरलेलं अक्रोडाचं फोरएंड सांधता येतं आणि त्याला गिऱ्हाईकही मिळतं. पण पावतीवर लाकडाचा उल्लेखच नव्हता. चूक करून त्याने सांगितली असती तर मी दुरुस्तीचे पैसेही दिले असते. चूक लपवण्यासाठी त्याने माझ्या रायफलचा खोटा नंबर ठोकला, याचा राग अजून जात नाही.

तुमची रायफल कोणाकडे देणार असाल तर आधी तिचं फोरएंड उतरवून आतले फोटो काढा. ठसे, ड्रॉज, नळीची खाच, सगळं. लाकडावरचा नंबर आणि लाकडाची जात पावतीवर लिहून घ्या. बोलताना सहज विचारा, दस्ता काढायचा तर आधी काय काढाल? जो "फोरएंड" म्हणणार नाही त्याच्याकडून रायफल उचला आणि निघा. परत घेतानाही तुमच्यासमोर उघडायला लावा. रिसीव्हरला काजळी लावून बसवली की ड्रॉजवर दोन्हीकडे सारखा डाग उमटायला हवा. इपॉक्सी भरायचीच असेल तर तुमच्या परवानगीने, आणि तेही लाकडातलं तेल नीट काढून, नाहीतर ती धरत नाही.

काकांनी शेवटी एक जुनं, झिजलेलं अक्रोडाचं फोरएंड मिळवलं. ड्रॉजची खराब जागा चौकोनी कापून कठीण लाकडाचे तुकडे बसवले आणि काजळी लावत, पटाशीने धूळ निघावी इतकंच तासत चार दिवस काम केलं. स्टड आणि स्प्रिंगही मिळाली. आता गट जागेवर येतो. त्या फोरएंडच्या टोकाशी एका वेगळ्याच रायफलचा नंबर आहे. काकांनी विचारलं, खोडू का? मी नको म्हटलं.