दोन मिलीच्या शाया आणि हाताने काढलेले भूलभुलैये: वापरानंतरचा अनुभव

"पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?"

नमुना-शाया विकणाऱ्या दुकानाकडून माझ्या तक्रारीला आलेलं हे पहिलं उत्तर. नाव घेत नाही. दोन मिलीची प्लास्टिकची कुपी, झाकण नुसतं दाबून बसवलेलं, वर टेप नाही, बाहेर छोटी पिशवीसुद्धा नाही. जांभळी आणि हिरवी दोघी मिळून खोक्याच्या पुठ्ठ्याने पिऊन टाकलेल्या. मी फोटो पाठवले, त्यांनी व्हिडिओ मागितला. अहो, लोक टीव्ही उघडताना व्हिडिओ काढतात, दोन मिली शाईसाठी कोण काढतं? बरीच लिखापढी झाल्यावर पैसे नव्हे, 'स्टोअर क्रेडिट' मिळालं, आणि ते वापरायला किमान खरेदीची अट. म्हणजे वाया गेलेल्या थेंबांची भरपाई हवी तर आणखी माल घ्या. या रागातच लिहायला बसले आहे. वाचताना तेवढा राग वजा करून घ्या.

आता मुद्द्याचं. कोणती शाई किती चमकते, कोणत्या शाईची लाल झाक कुठल्या कोनातून दिसते, यावर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मी पत्रं लिहीत नाही, डायरी लिहीत नाही. रंगपंचमीच्या सुमारास भाच्यासाठी भूलभुलैये काढायला लागले आणि तेव्हापासून शाईची पेनं त्याच एका कामाला वापरते. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावरचं 'सशाला गाजरापर्यंत पोचवा' तो डोळे मिटून सोडवतो, म्हणून हा उद्योग. या कामात शाईचा रंग शेवटी येतो. आधी येतं रेघेचं टोक. पुढचं सगळं त्या टोकाबद्दलच आहे, कंटाळा येणार असेल तर इथेच थांबा.

माझी रीत अशी. ठिपक्यांच्या कागदावर बाहेरची चौकट आखायची, आत जायला एक आणि बाहेर पडायला एक फट ठेवायची. मग प्रत्येक नवी भिंत जुन्या भिंतीतून फुटली पाहिजे आणि तिचं दुसरं टोक हवेत मोकळं राहिलं पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही भिंतीला शिवता कामा नये. एवढं पाळलं की आत बंद खोली तयार होत नाही. एकही ठिपका रिकामा राहिला नाही की गोल चक्करही उरत नाही, कुठूनही कुठे जायला एकच वाट. गंमत म्हणजे अशा भूलभुलैयात आतल्या प्रत्येक ठिपक्यामागे बरोब्बर एक घर लांबीची रेघ येते, तुम्ही कितीही वेडीवाकडी वळणं घ्या. ए-फाइव्ह कागदावर पाच मिलिमीटरची 26 गुणिले 38 घरं आखली तर आतले ठिपके 925, म्हणजे भिंती साधारण 4.6 मीटर. तीच घरं अडीच मिलिमीटरची केली तर भिंती साडेनऊ मीटर. शाई दुप्पट लागते, पण मोकळी टोकं जवळजवळ चौपट होतात, आणि सगळं दुखणं टोकांत आहे.

कारण पेन उचलताना टोकाशी थेंब साचतो. अक्षर लिहिताना तो कुणाच्या लक्षातही येत नाही. अडीच मिलिमीटरच्या बोळात, जाड ओल्या रेघेने दोन्हीकडून जागा खाल्लेली असताना, तो थेंब कागदात फुटला की समोरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. बोळ बंद! वाटच एक असल्याने भूलभुलैयाचे दोन तुकडे झाले, आणि ससा एकीकडे, गाजर दुसरीकडे. उलट, निब कोरडी पडून मध्येच रेघ तुटली तर भिंतीला भगदाड पडतं आणि तासभर रचलेला चकवा भाचा दोन मिनिटांत पार करतो. पत्र लिहिणाऱ्याला शाई फुटणं हा दिसण्याचा प्रश्न. इथे गणितच चुकतं.

म्हणून सुरुवातीला मी ओल्या, म्हणजे निबेतून भरभरून उतरणाऱ्या, रसरशीत शायांवर फार चिडले होते. चकाकीच्या कणांची शाई तर बारीक निबेत भरायचीच नाही, कण तळाशी बसतात, पेन धुता धुता जीव जातो. लाल झाक मारणारी गडद शाई पानावर इतकी उशिरा वाळते की हाताची कड लागून तीन बोळ पुसट निळे झाले. मी त्या सगळ्यांना नापास करून बसले होते.

मग मे महिना आला. इंदूरचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दिवसा पेन उघडून दोन मिनिटं विचार केला की निब अडलीच. तळहाताचा घाम आणि तेलकटपणा कागदाला लागतो, पानाच्या खालच्या भागात शाई धरतच नाही. (हाताखाली कोरा कागद ठेवा, हा फुकटचा सल्ला.) ज्या कोरड्या, म्हणजे निबेतून बेताने उतरणाऱ्या, शायांना मी शहाण्या म्हणत होते त्याच आता भगदाडं पाडायला लागल्या आणि त्या नापास ओल्या मंडळी मजेत चालत होत्या. माळव्यात रात्री जरा गार होतं म्हणून जेवणं आटोपल्यावर गच्चीवर बसून काढायला लागले, तेव्हा कुठे दोन्ही पक्ष बरोबरीत आले. पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा उलटं. दमट हवेत कागद मऊ पडतो, शाई वाळायला वेळ घेते आणि वाळेपर्यंत पसरत राहते. मार्चमध्ये स्वच्छ रेघ देणारी शाई त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर जुलैत केसाळ दिसायला लागली. त्यामुळे कुणी "ही शाई फुटत नाही" असं लिहिलं असेल तर त्यांनी ती कुठल्या महिन्यात वापरली ते आधी विचारा.

टोकाचा प्रश्न निम्मा सुटला तो शाईने नव्हे, दिशा उलटी करून. आधी मी जुन्या भिंतीवर निब टेकवून रेघ बाहेर काढत होते, म्हणजे पेन उचलायची जागा मोकळ्या टोकाशी. आता उलट करते. रिकाम्या ठिपक्यावर निब ठेवायची, रिकाम्या ठिपक्यांवरूनच वळणं घेत यायचं आणि पहिली जुनी भिंत लागली की तिच्यात घुसून पेन उचलायचं. स्वतःच्याच शेपटीला मात्र शिवायचं नाही. आता उचलतानाचा थेंब जुन्या भिंतीच्या पोटात पडतो, तिथे त्याने काहीही केलं तरी चालतं. आणि निब सुरुवातीला क्षणभर अडली तर मोकळं टोक अर्धा मिलिमीटर आखूड होतं, तेही चालतं. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात मोडी लिहायचे. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि खाली हात शक्य तितका न उचलता ओळ पळवायची. माझ्या कामात नेमकं हात उचलण्यावरच सगळं अवलंबून आहे. त्यांना माझी ही चिंता कळलीच नसती.

पेनाबद्दल थोडक्यात. प्लॅटिनम या जपानी कंपनीचं प्रेपी, 03 म्हणजे बारीक निब. त्याच्या टोपणात आत आणखी एक स्प्रिंगवालं टोपण असतं आणि ते निब हवाबंद करतं. मेमध्ये आठवडाभर पडून राहिलेलं प्रेपी पहिल्या रेघेला चाललं. त्याच काळात दुसरं, दिसायला भारी आणि किमतीत कितीतरी जास्त असलेलं पेन दर दोन दिवसांनी पाण्यात बुडवावं लागत होतं. 02 निब आणखी बारीक आहे, पण स्वस्त कागदावर खरवडते आणि तंतू उचलते. अडीच मिलिमीटरला 03 पुरे. जाड पाश्चात्त्य मीडियम निबेने भूलभुलैया काढायचा तर घरं पाच मिलिमीटरचीच ठेवा.

प्रेपीचं रिकामं कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसवायची शाईची नळी, मी फेकत नाही. औषधाच्या दुकानातून सिरिंज आणायची, दोन मिलीची कुपी थेट कार्ट्रिजमध्ये रिकामी करायची. कुपीत निब बुडवून कन्व्हर्टरने (पेनात बसणाऱ्या छोट्या पंपाने) शाई ओढायला जाल तर तळाची बरीच शाई वर येत नाही, आणि तिचे पैसे तुम्ही दिलेले असतात. सिरिंज कशाला हवी असं दुकानदाराने विचारलं, शाईसाठी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. सुई मात्र बोथट करून घ्या, घरात मूल असेल तर नक्कीच.

आता शाई. शेवटी दोनच टिकल्या.

पहिली, रोरर अँड क्लिंगनर या जर्मन कंपनीची सॅलिक्स. नमुन्यांच्या पुडक्यातली ही सगळ्यात मरतुकडी दिसणारी शाई होती, म्हणून शेवटपर्यंत हात लावला नव्हता. ही आयर्न गॉल जातीची, म्हणजे टॅनिन आणि लोखंडाचा क्षार. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर मायफळ आणि हिराकस. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ, त्याच टॅनिनवर युरोपातली दफ्तरं शतकानुशतकं लिहिली गेली. आपला हिरडाही त्याच कामाचा. कागदावर उतरते तेव्हा फिकट निळी असते, हवेतल्या ऑक्सिजनशी लोखंडाची गाठ पडते तशी डोळ्यांदेखत गडद होत जाते. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की ती पसरत नाही. जुलैच्या मऊ कागदावरही टोक टोकासारखं राहिलं. शिवाय खाली पेन्सिलीने आखलेली वाट रबराने खोडली तर साध्या शायांची भिंतही निम्मी पुसट होते, हिची होत नाही. तोटा एवढाच की आम्लधर्मी शाई आहे, पेनात भरून महिनोन्‌महिने विसरायची नाही. मी पंधरवड्याला साध्या पाण्याने पेन धुते. तेवढं ज्यांच्याने होणार नाही त्यांनी घेऊ नये.

दुसरी, आपली कॅमल रॉयल ब्लू. 1931 साली दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्या घराण्याची ही शाई. शाळेत असताना बोटांना लागलेली असायची. एका परदेशी नमुन्याच्या पैशात हिची 60 मिलीची आख्खी बाटली येते आणि वर पोहे-जिलबी होते. फिकी आहे, पाण्याचा थेंब पडला की वाहून जाते, फोटोत काही खास दिसत नाही. पण कोरड्या स्वभावाची आहे आणि पावसाळ्यात तोच गुण ठरतो. मेमध्ये दुपारी मात्र हिच्या वाटेला जाऊ नका. कच्चे भूलभुलैये सगळे हिच्यानेच काढते.

मग नमुने घ्यावेत का? मिलीमागे भाव बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पडतो, आणि दोन मिलीत कार्ट्रिज एकदा नीट भरून थोडी उरते, एवढंच. तरीही हो, घ्या. सॅलिक्सची बाटली मी न वापरता कधीच घेतली नसती, आणि ज्या चकचकीत बाटल्यांवर डोळा होता त्या घेऊन पस्तावले असते. फक्त ज्याच्या कुप्यांना आट्यांचं झाकण आहे आणि जो प्रत्येक कुपी वेगळ्या पिशवीत घालतो, अशाच विक्रेत्याकडून. मागवण्याआधी निरोप पाठवून विचारायला लाजू नका.

भाच्याचा अभिप्राय वेगळा देते, कारण खरा ग्राहक तो. त्याने कुठूनतरी उजवा हात भिंतीला टेकवून चालत राहायची युक्ती शिकून घेतली. माझ्या सगळ्या भिंती चौकटीला जोडलेल्या, त्यामुळे ती युक्ती दर वेळी लागू पडते. महिनाभर तो न बघता सोडवत होता. आता मी गाजर मधोमध ठेवते आणि त्याच्याभोवतीच्या भिंती बाहेरच्या चौकटीपासून सुट्या ठेवते. हात टेकवून चालणारा बाहेरच्या बाहेर फिरून पुन्हा दारात येतो. "आत्या, रस्ता बंद आहे, तुझी शाई फुटली," असं त्याने ठणकावून सांगितलं. या खेपेला शाई फुटली नव्हती. बंद निघालेल्या प्रत्येक भूलभुलैयामागे एक जिलबी, असा आमचा करार आहे, आणि त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

राहिला कागद. फोटोकॉपीचा 75 ग्रॅमचा कागद पावसाळ्यात विसरा, टीपकागदाच्या जवळपास जातो. आयात केलेले पातळ जपानी कागद उत्तम आहेत, पण दहा वर्षांचा मुलगा पेन्सिलीने गिरगटणार त्यावर, माझा हात होत नाही. खजुरी बाजारात एका जुन्या दुकानात लाल कापडाच्या बांधणीची हिशेबाची वही मिळाली, तिच्यातला लेजर कागद शाईसाठीच खळ लावून तयार केलेला. सॅलिक्स तिच्यावर इतकी नेटकी बसते की दोन मिलिमीटरची घरंसुद्धा निभावली. अडचण एकच, प्रत्येक पानावर जमा-नावेच्या लाल उभ्या रेघा आहेत आणि भाचा त्यांनाही भिंती धरून चालतो. बिनरेघांची मागितली तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, अब ये बही लेता कौन है, दिवाली पे माल आएगा तब देखेंगे." दोन वह्यांचे पैसे आगाऊ देऊ केले होते, त्याने घेतले नाहीत.