चर्चच्या विवाह ट्रिब्युनलमध्ये 19 महिने : माझा अनुभव

लग्नाची वैधता तपासणाऱ्या चर्चच्या या न्यायालयाला, म्हणजे ट्रिब्युनलला, 5 पैकी 4 तारे देते आहे. एक तारा कापला तो इंग्रजी फॉर्मसाठी आणि मधल्या 7 महिन्यांत आलेल्या अबोल्यासाठी. बाकी जे मिळालं ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी वसईची, कॅथलिक, मुंबईत नर्स आहे. 2013 मध्ये लग्न झालं, जेमतेम 14 महिने एकत्र राहिलो, 2018 मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट झाला. हुकूमनामा हातात आला तेव्हा वाटलं, आता संपलं. 2021 च्या शेवटी पुन्हा लग्न ठरलं. आम्ही दोघं तारीख मागायला आमच्या फादरांकडे गेलो. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "बाळा, सरकारदरबारी तू मोकळी आहेस, पण चर्चच्या वहीत तुझं लग्न अजून उभं आहे." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. पण त्याच बैठकीत फादरांनी ट्रिब्युनलचा पत्ता लिहून दिला.

तिथे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आमच्या घरात ती कोणालाच माहीत नव्हती. ट्रिब्युनल लग्न मोडत नाही. विधिवत लागलेलं आणि देहसंबंधाने पूर्ण झालेलं दोन बाप्तिस्माधारकांचं लग्न कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही, ही कॅथलिक शिकवण कायम आहे. ट्रिब्युनल तपासतं ते एवढंच, की वेदीसमोर "होय" म्हटलं त्या दिवशी लग्न खरोखर जुळलं होतं का. बळजबरी, फसवणूक, मूल नको हे मनात आधीच ठरवून घेतलेली शपथ, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक असमर्थता, अशी कारणं कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, दिलेली आहेत. म्हणून मारहाण, दारू, सोडून जाणं हे सगळं आपण तावातावाने सांगतो, आणि ते मात्र विचारतात लग्नाच्या आधीचं.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी काय केलं? मी पेन खाली ठेवलं. कोर्टात, वकिलाकडे, नात्यात, हे मला कोणीच विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्याकडे मांडवात बँड वाजत होता, आणि तो त्याच्या घरामागे विहिरीच्या कठड्यावर एकटा बसून होता. हे मला नंतर त्याच्या आत्याकडून कळलं. त्याला दुसरी मुलगी करायची होती, ती आपल्या धर्मातली नव्हती. त्याच्या आईने अन्न सोडलं, चौथ्या दिवशी तो हो म्हणाला. लग्नानंतर आठवड्याभरात त्याने मला हे स्वतः सांगितलं आणि सुट्टी संपताच कुवेतला परत गेला. पुढचे महिने तो आला-गेला, पण घरात पाहुण्यासारखाच राहिला.

माझ्या अर्जाचं कारण ठरलं बळजबरी आणि भीती. साक्षीला त्याची आत्याच आली. सत्तरीची बाई, रिक्षा करून, जपमाळ हातात धरून. बाहेर बाकावर मला म्हणाली, "पोरी, तेव्हा मी गप्प बसले, आता नाही बसणार." या एका वाक्यासाठी ते 19 महिने मला जड वाटत नाहीत.

चौकशी करणारे फादर आणि जबाब लिहिणाऱ्या सिस्टर, दोघांची वागणूक उत्तम. "मराठीत बोलू का?" विचारलं, तर "मराठीतच बोल" म्हणाले. जबाब वाचून दाखवला, दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, ती केली, प्रत्येक पानावर सही घेतली. मी रडले तेव्हा सिस्टरांनी लिहिणं थांबवलं आणि वाट पाहिली. तिथे आणखी एक फादर असतात, विवाहबंधनाचे रक्षक. लग्न वैध आहे याच बाजूने बोलणं हे त्यांचं काम. त्यांचे प्रश्न वाचून मला आधी संताप आला होता. लग्न जुळलंच नव्हतं असा निकाल हातात पडल्यावर मात्र जाणवलं, की तो कोणी दया म्हणून दिलेला नाही.

तक्रार फॉर्मची. कॅथलिक असलो तरी आमच्याकडची निम्मी माणसं मराठी शाळेत शिकलेली. 40 पानांची इंग्रजी प्रश्नावली घरी आणून भाचीकडून वाचून घ्यावी लागली, आणि संसाराच्या खाजगी गोष्टी 19 वर्षांच्या मुलीसमोर उलगडाव्या लागल्या. हे व्हायला नको होतं. दुसरी तक्रार, प्रतिवादीला, म्हणजे माझ्या आधीच्या नवऱ्याला, पत्रं गेली, उत्तर आलं नाही, आणि त्या 7 महिन्यांत काय चाललंय ते कोणी कळवलं नाही. बिशपांसमोरची लवकर निकालाची पद्धत 2015 पासून आहे, पण ती दोघं तयार असतील आणि पुरावा उघड असेल तेव्हाच. पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी दुसऱ्या ट्रिब्युनलकडून निकाल पक्का करून घेण्याची सक्तीही काढली, नाहीतर माझे आणखी महिने गेले असते. खर्च सांगितला 10 हजार, मी दोन हप्त्यांत दिला. ज्यांना परवडत नाही त्यांना तिथे माफी मिळते, विचारायला लाजू नका.

वॉर्डात माझ्याबरोबरच्या नर्स वेगवेगळ्या चर्चच्या, म्हणून तुलना आपोआप होत गेली. केरळच्या सिरो-मलबार चर्चमधल्या मैत्रिणीला माझ्यासारखंच ट्रिब्युनल, कारण तेही कॅथलिकच. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्च घटस्फोट मानतं, दुसरं आणि तिसरंही लग्न लावून देतं. पण दुसऱ्या लग्नाच्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात, आणि चौथं लग्न अजिबात नाही. चर्च ऑफ इंग्लंडने 2002 मध्ये ठरवलं, की काही परिस्थितींत, त्या त्या धर्मगुरूच्या विवेकाने, आधीचा जोडीदार हयात असतानाही चर्चमध्ये लग्न लावता येईल. सगळे वाचतात ते तेच शुभवर्तमान. मार्कच्या शुभवर्तमानात घटस्फोटाबद्दल येशूचा शब्द निरपवाद आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा अपवाद येतो, आणि त्या एका अपवादावर चर्च वेगळी वाट धरतात. ऑर्थोडॉक्स पद्धत मला जास्त मायेची वाटते, हे मी आमच्या फादरांनाही सांगितलं. पण माझ्या बाबतीत खरं काय घडलं ते शोधणारी पद्धत आमचीच होती.

दोन इशारे. चर्चचा निकाल मिळाला म्हणून कोर्टातला घटस्फोट टाळू नका. चर्चच्या निकालाला कायद्यात घटस्फोटाची किंमत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं, आणि 2017 मध्ये त्याला मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. नुसत्या चर्चच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्येचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. आणि माझ्या मावशीसारखं घाबरून बसू नका. तिच्या काळात ख्रिस्ती घटस्फोटाच्या 1869 च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. मावशी मार खात राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती अट 1997 मध्ये काढली, संसदेने 2001 मध्ये कायदाच बदलला. तोवर मावशीचं वय निघून गेलं होतं.

शेजारच्या काकू विचारत होत्या, लग्न अवैध ठरलं तर मुलं अनौरस होतात का. नाही होत, कॅनन लॉमध्ये तसं स्पष्ट आहे. नुसता घटस्फोट झाला म्हणून उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसादही बंद होत नाही. मी 5 वर्षं उगाच मागच्या बाकावर बसून राहिले.

जाताना दोघांचे बाप्तिस्म्याचे ताजे दाखले, लग्नाचा दाखला, कोर्टाचा हुकूमनामा आणि लग्नाआधीपासून दोघांना ओळखणाऱ्या माणसांची नावं न्या. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर मी करून दिलं आहे, सिस्टरांच्या टेबलाच्या उजव्या खणात असतं. मागा, देतील.