हाताने फिरवायचे डाउनरिगर, लेक मिशिगनवर मे ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

हे डाउनरिगर (गळ हव्या त्या खोलीवर ठेवणारं यंत्र) मे मध्ये बोटीवर बसवले, आता ऑक्टोबर संपत आलाय, बोट कव्हर घालून उभी आहे, त्यामुळे निवांत लिहितो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. अठरा-वीस फुटी बोट, सोबत बायकामुलं, आणि शंभर फुटांच्या आतच गळ सोडायचे असतील तर हाताने फिरवायचेच डाउनरिगर घ्या, इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका. पण मुख्य शौक स्टीलहेडचा (वरच्या पाण्यात फिरणाऱ्या ट्राउटचा) असेल तर डाउनरिगरवर इतका खर्च करूच नका, ते पैसे प्लेनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) आणि लेडकोअरच्या (आत शिसं असलेल्या जड दोरीच्या) रीळवर घाला. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण डाउनरिगर ही महाग वस्तू असते.

आम्ही अमेरिकेत, तलावाच्या पश्चिम काठावरच्या मिलवॉकीच्या (विस्कॉन्सिन) मॅकिन्ली रॅम्पवरून बोट सोडतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, दहा-बारा पाउंडाचा शिशाचा गोळा स्टीलच्या केबलला लावून खाली सोडायचा, आपली गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची, म्हणजे चमचा (चमकणारं धातूचं आमिष) किंवा माशी (बनवलेली, खोटी) बरोबर हव्या त्या खोलीवर राहते आणि बोट ताशी सव्वादोन-अडीच मैलांनी चालत राहते. मासा लागला की क्लिप सुटते, वाकलेला रॉड एकदम सरळ होतो आणि मग जो वाकतो तो वाकतोच. तो सरळ होण्याचा क्षण ओळखायला माझी मुलगी माझ्या आधी शिकली, मी स्टिअरिंगवर असतो ना.

हाताचे का म्हणतो त्याचं कारण हेच. इलेक्ट्रिकमध्ये बटण दाबलं की काम झालं, पोरं परत फोनमध्ये. हाताच्यात एकाला क्रँक फिरवावा लागतो, एकाला किती फूट केबल सुटली ते दाखवणारा काउंटर वाचावा लागतो, "साठ... सत्तर... बास!" असं ओरडावं लागतं, तिसरा क्लिप लावतो. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन गळ चालतात, सोळा वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही (मोठ्यांना लायसन्सबरोबर सॅमन-ट्राउटचा स्टॅम्प पण घ्यायला लागतो, विसरू नका), तेव्हा चार जणांची बोट असली तर कागदावर बारा गळ होतात. आम्ही सहाच्या वर कधी जात नाही. सहा रॉड, दोन पोरं आणि वळताना झालेला गुंता सोडवायची वेळ एकदा आली की बारा हा आकडा डोक्यातून आपोआप जातो.

आता तक्रारी. पहिली, काउंटर जेवढं दाखवतो तेवढ्यावर गोळा नसतो. बोट चालू असली की केबल मागे ताणली जाते, ऐंशी दाखवत असेल तर गोळा त्याच्या वरच कुठेतरी असतो, आणि खालचा करंट समोरून असेल तर अजूनच वर. सोनारवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या पडद्यावर) गोळ्याची रेघ दिसते ती खरी धरायची. केबल किती तिरकी झालीय त्यावरून खालच्या वेगाचा अंदाज पण येतो, वरचा जीपीएस अडीच दाखवत असतो आणि खाली चमचा बिचारा नुसता लोंबकळत असतो.

दुसरी तक्रार, आणि ही मोठी, डब्यात आलेल्या क्लिपा फारच घट्ट आहेत. मोठ्या चिनूकला (सॅमनची मोठी जात) ठीक, पण मे महिन्यात इकडे सगळा खेळ कोहोचा (लहान सॅमनचा) असतो, दोन-तीन पाउंडाचे मासे, छोटा केशरी डॉजर (पाण्यात डोलणारी चकाकती पट्टी) आणि त्यामागे बारकी माशी. एवढ्याशा माशाच्या ओढीने ती क्लिप सुटतच नाही, रॉडचं टोक नुसतं मान हलवल्यासारखं करतं आणि तुम्ही तो मासा अर्धा तास फुकट फिरवत बसता. कंपनीला ईमेल केली, उत्तर आलं की स्क्रू ढिला करा. स्क्रू आधीच पूर्ण ढिला होता. शेवटी दुसऱ्या मेकच्या हलक्या क्लिपा आणून लावल्या, मग त्रास संपला.

तिसऱ्या गोष्टीत डाउनरिगरचा दोष नाही पण सांगायला हवं. उन्हाळ्यात पाणी तापलं की वॉटर फ्ली येतात, 1980च्या दशकात जहाजांत समतोलासाठी भरलेल्या (बॅलास्टच्या) पाण्यातून आलेली ही बारकी पीडा, शेपटीला काटे असतात आणि ती दोरीला धरून बसते. गळ वर घेताना दोरीवर ओल्या साबुदाण्यासारखा लगदा जमतो, मध्ये काळे ठिपके, आणि तो रॉडच्या पहिल्याच कडीत अडकतो, रीळ फिरता फिरत नाही, तिकडे मासा उड्या मारतोय. जाड दोरी भरली की बराच फरक पडतो. बाकी मग चिमटीने ओरबाडायचं, आमच्या धाकट्याला हे काम का कोण जाणे फार आवडतं.

चिनूकसाठी मात्र या यंत्राला तोड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चिनूक गार पाण्यात बसतो, पन्नास अंश फॅरनहाइटच्या आसपास, आणि ते पाणी रोज वेगळ्या खोलीवर असतं. पश्चिमेचा वारा दोन दिवस चांगला वाहिला की वरचं गरम पाणी तलावाच्या मध्याकडे ढकललं जातं आणि आमच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं, मग काल नव्वद फुटांवर असलेला मासा आज चाळीसवर मिळतो. पूर्वेचा वारा लागला की उलटं. अशा वेळी गोळा हव्या त्या फुटावर नेऊन ठेवता येणं यातच पैसे वसूल होतात. पहाटे अंधारात चमकणारा चमचा, उजाडलं की हिरवा फ्लॅशर (गोल फिरणारी चकाकती पट्टी) आणि माशी, आमचं एवढंच शास्त्र.

स्टीलहेडचं गणितच वेगळं. तो वरच्या वीस-तीस फुटांत फिरतो, काठापासून बराच आत, जिथे गरम आणि गार पाण्याची शीव असते, तिथे पाण्यावर किडे, फेस, कचरा यांची लांबच लांब रेघ दिसते. त्या रेघेवरून बोट चालवायची. तिथे डाउनरिगर म्हणजे बोटीच्या बुडाखाली गळ, मासा बिथरतो. लेडकोअरचे तीन ते पाच रंग (दोरीचे रंगीत टप्पे) सोडून बोर्डावर बाजूला काढला आणि केशरी चमचा लावला की काम होतं (एका रंगाला साधारण पाच फूट खोली धरा). आणि लागला की पहिल्या पाच सेकंदात पाण्याबाहेर! आमच्याकडे स्टीलहेड जास्त सुटतात, हाती कमी येतात, तरी मुलीला विचाराल तर ती चिनूक देऊन स्टीलहेड घेईल.

जूनमध्ये सासरे आले होते देवगडहून. आयुष्यभर समुद्रावर गेलेला माणूस, त्यांना हे गोल गोल फिरणं अजिबात पटलं नाही. "असो फिरत रवलास तर मासो कधी गावतलो?" पण क्रँक हातात दिला तसे रमले. कोहो-चिनूक इथले मूळचे नाहीत हे ऐकून त्यांना फार नवल वाटलं. समुद्रातून आलेल्या एलवाइफ नावाच्या माशाने तलाव भरून गेला होता, ते खायला कोणीतरी हवं, गळवाल्यांनाही काम मिळावं म्हणून मिशिगन राज्याने 1966 मध्ये ओरेगॉनच्या अंड्यांतून वाढवलेले कोहो सोडले, पुढच्या वर्षी चिनूक; त्याच 1967 मध्ये किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले, इतके ते वाढले होते. एका चिनूकच्या पोटात सापडलेला एलवाइफ त्यांनी हातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, हा तर तारल्यांच्या जातीतला. बरोबरच आहे, हेरिंगच्याच कुळातला. सासूबाई मात्र एकदाच आल्या, लाटा इथे समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि लागोपाठ असतात, त्यांना ते सोसलं नाही. वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर वारा दहा मैलांच्या वर असेल त्या दिवशी रॅम्पवर जाऊच नका, आणि पोरांना जॅकेट घरूनच घालून न्या.

खाण्याचं विचाराल तर मे चा कोहो सगळ्यात चविष्ट, तिरफळ घालून केलेलं तिखलं झकास होतं. ऑगस्टचा मोठा चिनूक फार तेलकट, त्याला रवा लावून तळण्यापेक्षा कोळशावर भाजा. पीसीबी (कारखान्यांतून पाण्यात गेलेलं विषारी रसायन) माशाच्या चरबीत साठतं, म्हणून कातडी, पोटाकडचा भाग आणि मधली काळपट पट्टी काढून टाका, आणि किती वेळा खायचा ते राज्याच्या यादीत बघा, लहान मुलं असतील तर नक्कीच. सप्टेंबरनंतर बंदरात शिरलेले काळे पडलेले चिनूक आम्ही आणतच नाही.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. काउंटर बोटीच्या आतून उभ्याने वाचता येतो का, आणि ब्रेक एका हाताने हळूहळू सोडता येतो का. ब्रेक झटक्याने सुटणारा असेल तर बारा पाउंडाचा गोळा धाडकन खाली जातो आणि क्रँकचं हँडल गरागरा फिरतं, पोराच्या मनगटाला लागलं तर हाड मोडेल. आमचा ब्रेक पूर्ण सीझन व्यवस्थित चालला, तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या घट्ट क्लिपा माफ केल्या. पुढच्या मे च्या आधी केबल काढून ब्रेडेड दोरी भरणार आहे, स्टीलची केबल पाण्यात सतत गुणगुणते आणि कुठे तार सुटली की बोटात घुसते.