बारा बोअर सेमी-ऑटो बंदुकीची निगा : नाशिकचा पावसाळा आणि थंडी काढल्यावरचा अनुभव

बार उडताना तयार होणाऱ्या गॅसच्या दाबावर चालणारी सेमी-ऑटो बंदूक अडकायला लागली की बहुतेक जण आधी तेल ओततात, आणि दुखणं तिथूनच वाढतं. न जळलेल्या दारूचे कण आणि काजळी तेलात कालवली जाऊन पिस्टनभोवती चिकट थर बसतो. मग बोल्ट (काडतुसामागे मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतच चिमटून बसतं. महागड्या सफाई-पेटीपेक्षा साधा नायलॉनचा ब्रश आणि पाइप क्लीनर जास्त कामाला येतात, ते यामुळेच.

आधी मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघून, बोट घालून रिकामं असल्याची खात्री करायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट मागे अडकवून मॅगझिन ट्यूबच्या पुढची टोपी फिरवायची, फोरएंड (नळीखालची पुढची मूठ) आणि नळी काढायची. पिस्टन, रिंग आणि सील कसे बसलेत याचा मोबाइलवर फोटो घ्या. काही मॉडेलमध्ये एक रिंग उलटी बसली तरी प्रत्येक बार काढल्यावर बोल्ट हाताने ओढावा लागतो. पिस्टनला सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग ब्रश. गॅसची भोकं पाइप क्लीनरनेच साफ करा. खिळा किंवा ड्रिल बिट घालून भोक मोठं झालं, तर बोल्ट दरवेळी जास्त जोराने मागे आदळतो. मॅगझिन ट्यूब कोरडी पुसायची, तेल बोल्टच्या खाचांना बोटाने पुसटसं.

नळीत ब्राँझ ब्रश चेंबरकडून तोंडाकडे दहा वेळा. चेंबरच्या लगेच पुढे आणि चोकपाशी (नळीच्या तोंडाशी बसणारी आट्यांची नळकांडी) वॉडच्या, म्हणजे काडतुसातल्या छर्‍यांखालच्या बुचाच्या, प्लॅस्टिकचे पट्टे जमतात, ते बोअर स्नेकने (नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीने) निघत नाहीत. स्नेक रेंजवर झटपट पुसायला छान, पण पावसाळ्यात धुतल्यावर तो पुरता सुकत नाही आणि नळीत ओल सोडतो. इथे रॉडच बरा.

चोक काढून आटे पुसा, ग्रीस लावा, पान्याने घट्ट करा. पंचवीस बारांचा राउंड झाला की पुन्हा तपासा. चोक न लावता बार काढू नका, आटे खराब होतात.

जून ते सप्टेंबर फोमची केस घरात बंदूक ठेवायला अजिबात नको. फोम ओल धरून ठेवतो आणि निळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके उठतात. कपाटात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग पालटला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तासभर तापवलं की पुन्हा कामाचं. निफाडकडच्या थंडीतून बंदूक उबदार घरात आणली की लोखंडावर दव धरतं. केस उघडी ठेवा, तासाभराने पुसा, मगच कपाटात.

बोल्टला परत पुढे ढकलणारी रिटर्न स्प्रिंग काही मॉडेलमध्ये दस्त्याच्या आत असते आणि तिथे गेलेलं पाणी वरून दिसत नाही. बोल्ट रेंगाळत पुढे येऊ लागला की दस्ता काढून स्प्रिंगची नळी बघा.

स्नॅप कॅप (दारू नसलेली सरावाची काडतुसं) जरूर घ्या, जोडणीनंतर बोल्टची हालचाल घरीच तपासता येते. काडतुसं लावायची बाजूची पट्टी आणि दस्त्यातलं वजन मात्र जपून. गॅसऐवजी इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्यावर, चालणाऱ्या बंदुकीला मागे सरकायला मोकळीक लागते. वजन वाढलं की 24 ग्रॅम छर्‍यांच्या हलक्या काडतुसांवर ती अडू लागते. अशा वेळी स्प्रिंगला हात घालण्याआधी ते वजन उतरवा आणि 28 ग्रॅमचं काडतूस घालून बघा.