पोर्टेबल एसएसडी: डिस्क झकास, कंपनीचं कुलूप मात्र नको

ही डिस्क बरेच महिने रोजच्या वापरात आहे, बॅगेत फेकलेली, टेबलावरून पडलेली, लॅपटॉपच्या शेजारी वायरीला लोंबकळलेली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. १ टीबीची पोर्टेबल एसएसडी आहे, म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी, बाहेरून लावायची डिस्क, तळहातात मावते, वर रबराचं कव्हर, एका टोकाला टाइप सी पोर्ट, बास. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण खाली तिच्या सॉफ्टवेअरला बऱ्याच शिव्या घातल्यात, आणि तसंही या साइजच्या नि या स्पीडच्या डिस्क सगळ्याच कंपन्या काढतात, त्यातलं आतलं गणित फार वेगळं नसतं, तेव्हा तुम्ही दुसरी कुठली घेतलीत तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी स्पीडचं उरकून टाकते कारण खोक्यावर तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. १०५० एमबी प्रति सेकंद. मिळतो का, तर हो, मिळतो पण अटी लागू. लॅपटॉपचा पोर्ट १० जीबीपीएसवाला हवा, ५ वाला असेल तर साडेचारशेच्या आसपासच अडकणार, आणि वायर तर सोबत आलेलीच हवी. हे वायरीचं लोकांना खरंच माहीत नसतं. मोबाइल चार्जरची टाइप सी वायर दिसायला डिट्टो तशीच असते, पण त्यातल्या बहुतेक यूएसबी २.० च्या असतात, म्हणजे ४८० एमबीपीएस (हे मेगाबिट, मेगाबाइट नव्हेत), म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबी सुद्धा मुश्किलीने. मग लोक रिव्ह्यूत लिहितात की डिस्क डबडा आहे. डिस्क डबडा नाहीये हो, वायर बदला. सोबतची वायर वीतभरच आहे हा मात्र वैताग आहे, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात लावली तर डिस्क हवेतच लटकते.

मोठी व्हिडिओ फाइल टाकली की सुरुवातीला ९०० च्या वर काटा जातो नि मस्त वाटतं, मग बऱ्याच जीबी गेल्या की धपकन खाली येतो. हा बिघाड नाही, स्वस्तातल्या सगळ्या एसएसडींचं हेच असतं, आधी डेटा एका छोट्या वेगवान भागात पटापट लिहितात आणि तो भरला की मूळ जागेवर सावकाश लिहायला लागतात. ज्यांना एका दमात शेकडो जीबीचं शूटिंग कॉपी करायचं असतं त्यांनी हे बघूनच घ्यावं, आपल्यासारख्यांना फरक पडत नाही. हजारो बारक्या फोटोंचं फोल्डर टाकलं तर स्पीड तसाही पडतोच, तिथे १०५० वगैरे विसरा. आणि १ टीबी घेतली नि विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते म्हणून चिडू नका, कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने, जागा तेवढीच असते.

एक काम मात्र डिस्क हातात आल्या आल्या करायचं. ऑनलाइन भरपूर खोट्या डिस्क फिरतात, त्यांच्या आत साधं मेमरी कार्ड असतं आणि चिप खोटं सांगते की मी ८ टीबी आहे, १६ टीबी आहे. फाइली टाकताना सगळं व्यवस्थित चाललेलं दिसतं आणि उघडायला गेलं की निम्म्या फाइली रिकाम्या. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री अशी फुकट टूल्स आहेत, ती आख्खी डिस्क भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. वेळ खातं, रात्री लावून झोपायचं. माझी पास झाली.

आता कुलूप. मी ही डिस्क घेतली ती खरं तर यासाठीच, खोक्यावर ठळक लिहिलं होतं की २५६ बिट एईएस हार्डवेअर एन्क्रिप्शन, पासवर्ड लावा नि निर्धास्त राहा. (एन्क्रिप्शन म्हणजे डेटा असा गुंतवून ठेवणं की किल्लीशिवाय वाचता येत नाही, एईएस ही त्याची एक पद्धत.) घरातल्या सगळ्यांचे ओळखपत्रांचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, मेडिकल रिपोर्ट, जुन्या फोनचे बॅकअप, असं सगळं एका खिशात मावणाऱ्या वस्तूत टाकायचं तर ती हरवली की काय, हा पहिला प्रश्न असतो ना. एन्क्रिप्शन स्वतः ठीकच असणार, चिपमध्येच होतं म्हणून स्पीड पण कमी होत नाही. वैताग आहे तो त्याभोवतीच्या सगळ्या लफड्याचा. पासवर्ड लावला की डिस्क लावल्यावर आधी एक एवढासा ड्राइव्ह दिसतो, सीडी टाकल्यासारखा, त्यात कंपनीचं अॅप, ते चालवायचं, पासवर्ड टाकायचा, मग तो एवढासा ड्राइव्ह गायब होऊन खरा ड्राइव्ह उगवतो. हे अॅप विंडोज आणि मॅकवर चालतं. लिनक्सवर नाही. टीव्हीवर अर्थातच नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं अॅप चालवायला बंदी असते, म्हणजे तिथेही नाही. वर मॅकची सिस्टीम अपडेट झाली की अॅप रुसतं, मग कंपनीच्या साइटवर जाऊन नवीन आवृत्ती शोधा, ती आली नसेल तर वाट बघा, तोवर तुमचाच डेटा तुमच्याच हातात असून उघडता येत नाही. कंपनीने उद्या अॅप बंदच केलं तर काय, याचं उत्तर मॅन्युअलमध्ये कुठे सापडलं नाही.

आणि दुसरं म्हणजे हार्डवेअर एन्क्रिप्शन असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी आत कंपनीने ते कसं केलंय हे आपल्याला कधीच दिसत नाही. २०१८ साली नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी उघडून तपासल्या होत्या, सॅमसंगच्या टी३ आणि टी५ या पोर्टेबल पण त्यात होत्या, आणि काही मॉडेल्समध्ये असं निघालं की डेटाची खरी किल्ली तुमच्या पासवर्डला बांधलेलीच नव्हती, डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, फक्त पासवर्ड जुळतो का एवढं बघायचं आणि ते फर्मवेअर फिरवलं की कुठलाही पासवर्ड चालायचा. म्हणजे दाराला भलं मोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्याच डिस्क एन्क्रिप्ट करायच्या सोयीची, सेटिंग बदलली, आधी डिस्क म्हणाली की मी स्वतः एन्क्रिप्ट करते तर बिटलॉकर तिच्यावर विश्वास टाकायचा, आता नव्या डिस्कवर तो स्वतःच सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करतो. ज्यांनी विंडोज बनवलं तेच डिस्क कंपन्यांच्या शब्दावर बसत नाहीत तर मी कशाला बसू? माझ्या डिस्कमध्ये हा दोष आहे असं म्हणत नाहीये हं, नवीन मॉडेल आहे, पण तपासायची सोय मला नाही एवढाच मुद्दा.

म्हणून कंपनीचं अॅप काढून टाकलं, डिस्क साफ फॉरमॅट केली आणि बिटलॉकर लावलं. विंडोज प्रो असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून टर्न ऑन बिटलॉकर, एवढंच. होम आवृत्तीत पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर बिटलॉकर नव्याने लावता येत नाही, पण प्रोवर लावलेली डिस्क होमवर पासवर्ड टाकून आरामात उघडते, लिहिता पण येतं. लावताना विचारतं की फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू का सगळी. कोरी डिस्क असेल तर पहिलं चालेल, आधी त्यात काही ठेवून डिलीट केलं असेल तर सगळीच करा, कारण डिलीट केलेलं लगेच पुसलं जातंच असं नाही. मग ४८ आकडी रिकव्हरी की देतं. ती कागदावर छापायची आणि डिस्कपासून लांब ठेवायची, ती सोबतच्या पाऊचमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यापुढे हात जोडले. पासवर्डही गेला आणि ती कीही गेली तर डेटा गेला, मायक्रोसॉफ्टला फोन करून उपयोग नाही.

मॅकवाल्यांना डिस्क युटिलिटीतून एन्क्रिप्टेड एपीएफएस (मॅकचा स्वतःचा फॉरमॅट) करता येतं, पण मग ती डिस्क विंडोजवर उघडत नाही, आणि बिटलॉकरची डिस्क मॅक आपणहून उघडत नाही. दोन्हीकडे वापरायची तर व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, फक्त दिसायला अगदी रुक्ष आहे आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर ते टाकायला अॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपचं दुखणं इथेही आहेच. स्पीडचं विचाराल तर आजच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय असतेच, बिटलॉकर लावल्यावर मोठ्या फाइलींत मला फरक जाणवला नाही, बारक्या फाइलींत किंचित जाणवला असेल, घड्याळ लावून बसले नव्हते.

आता वॉरंटीबद्दल, कारण ती वापरायची वेळ आलीच. पहिली डिस्क मध्येच गेली. आदल्या रात्री नीट चालत होती, सकाळी लावली तर विंडोज नेहमीसारखं टुंग वाजलं आणि पुढे काहीच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाव दिसत होतं, साइजच्या जागी शून्य. दुसरी वायर, दुसरा पोर्ट, दुसरा लॅपटॉप, सगळं करून झालं, फरक नाही. हार्ड डिस्क मरताना निदान खरखरते, कुरकुरते, दोन दिवस आधी सांगते तरी, एसएसडी बऱ्याचदा अशीच गपकन जाते. सर्व्हिसवाल्यांनी फॉर्म पाठवला त्यात ठळक अक्षरांत होतं की डेटाची जबाबदारी आमची नाही, आणि बंद पडलेली डिस्क परत मिळणार नाही. ही वाक्यं आपण एरवी वाचत नाही पण नीट विचार करा, डिस्क बंद पडलीये म्हणजे तुम्हाला ती फॉरमॅट करता येत नाही, पुसता येत नाही, काहीच करता येत नाही, आणि आत चिपमध्ये सगळा डेटा जसाच्या तसा बसलाय, कारण बऱ्याचदा मेलेला असतो तो कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, मेमरी नव्हे. ती दुरुस्त होऊन कुठे जाते, कोण उघडतं, आपल्याला काय माहीत. एन्क्रिप्ट केलेली नसेल तर दोनच रस्ते, वॉरंटीवर पाणी सोडायचं नाहीतर घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं अनोळखी माणसाच्या हातात द्यायची. माझी बिटलॉकरमध्ये होती, म्हणून पाकिटात घालून बिनघोर पाठवून दिली. डेटाची दुसरी कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर आणि महत्त्वाचं तेवढं एन्क्रिप्ट करून क्लाउडवर होतंच. बदली डिस्क नवीकोरी आली, सर्व्हिसबद्दल तक्रार नाही, फक्त त्यांच्या फोनवरच्या बाईंनी तीनदा विचारलं की डेटा रिकव्हरीचं पॅकेज घ्यायचंय का, आणि तिन्ही वेळा आवाजात तीच काळजी.

लोक म्हणतात ना, लावू नंतर एन्क्रिप्शन, आधी डेटा तर टाकू, त्यांना एवढंच सांगते की नंतर म्हणजे कधी हे डिस्क ठरवते.

एन्क्रिप्शनकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. डिस्क उघडी असताना कॉम्प्युटरला ती साधी डिस्कच दिसते, लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते बिटलॉकरवर अजून आपलं एक कुलूप ठोकून मोकळं होईल. काम झालं की इजेक्ट करून काढून ठेवा, चोवीस तास लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं असेल तर एसएसडी घेऊच नका, ह्यात डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो आणि वीज नसेल तर तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं, म्हणजे मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, जे मानक आहे त्यात, लिहायची ठरलेली मर्यादा संपवलेल्या डिस्कने बिनविजेचं ३० अंशांत १ वर्ष डेटा धरायला हवा, एवढीच अट आहे. नवी डिस्क यापेक्षा बरीच जास्त टिकते, पण लग्नाचे व्हिडिओ दहा वर्षं बांधून ठेवायला मी तरी साधी फिरणारी हार्ड डिस्कच वापरेन आणि तीही अधूनमधून लावून बघेन.

तर घ्यायची कोणी? रोज दोन-तीन कॉम्प्युटरमध्ये फिरणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावी, हलकी आहे, पडली तरी आत फिरणारं काही नाही, गरम होते पण चटका बसेल इतकी नाही. पाचपैकी चार, तो एक वायरीचा आणि अॅपचा मिळून कापला. टीव्हीवर किंवा कॅमेऱ्याला लावायची असेल आणि कुलूपही हवं असेल तर ही नको, कारण बिटलॉकर तिथे उघडत नाही. त्यासाठी वरच बटणं असलेल्या डिस्क मिळतात, पिन डिस्कवरच दाबायचा, मग कुठल्याही उपकरणाला ती साधी डिस्क वाटते, अॅप नाही की काही नाही. महाग असतात, जाड असतात, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये ठरावीक वेळा पिन चुकला की डिस्क स्वतःची किल्ली पुसून टाकते, म्हणजे घरात लहान मूल असेल तर ती वरच्या फळीवर.