ग्राहक आयोग, स्क्रीन रीडरवरून: काही महिने वापरल्यावर

मी पूर्ण अंध आहे, संगणक एनव्हीडीए या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर चालवते. वॉरंटीतल्या वॉशिंग मशीनबद्दल कंपनीने हात वर केले, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. जिल्ह्याचं आणि कंपनीचं नाव देत नाही.

आधी खर्चाचं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, प्रवास वाचतो. मी वकील लावला नाही, पण दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सुनावणी व्हिडिओवर मागितली, मिळाली. घरून, कुणाचा हात न धरता, मी माझं म्हणणं मांडलं. इतका मोकळेपणा मला कुठल्याच सरकारी कामात मिळाला नव्हता.

मग कंपनीचं लेखी उत्तर आलं. पीडीएफ उघडली, एनव्हीडीए गप्प! वकिलाने संगणकावर टाइप केलेला मजकूर छापला, शिक्का मारला आणि स्कॅन करून पाठवला. म्हणजे वाचता येण्याजोगी अक्षरं होती, त्यांचा फोटो झाला. ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सोयीने, इंग्रजी परिच्छेद बरे निघाले. पण सोबतचा हाताने भरलेला सर्व्हिस रिपोर्ट निघाला नाही, आणि कंपनीचा सगळा बचाव त्याच कागदावर. शेवटी शेजारच्या काकूंनी वाचून दाखवला: ‘तंत्रज्ञ आला तेव्हा घर बंद होतं.’ घर बंद नव्हतं. हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं, आणि त्यांच्याकडून एखादी ओळ सुटली तर तीही मला कळू नये, याचा संताप अजून गेलेला नाही.

तेव्हा एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम १२चा हवाला देऊन अर्ज केला. खंडपीठाने तिथल्या तिथे वकिलांना टाइप केलेली मूळ फाइल आणि रिपोर्टमधला मजकूर टाइप करून ईमेल करायला सांगितलं. संध्याकाळी दोन्ही आलं. मत बदललं, तीन तारे.

चौथा देणार नाही, कारण पुढचं शपथपत्र पुन्हा स्कॅनच आलं. दर कागदाला मी हात का पसरायचा? कलम १२ न्यायालयांपुरतं नाही, आयोगांनाही लागू आहे. सार्वजनिक दस्तऐवज सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा, स्वरूपात असावेत, नोंदणी कार्यालयांना त्यासाठी साधनं मिळावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सुगम्यता संविधानाच्या अनुच्छेद २१च्या जगण्याच्या हक्कात मोजली. मूळ फाइल स्कॅनसोबत जोडायला एक रुपयाही लागत नाही.

युक्तिवाद बाकी आहे. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच तारखेला अर्ज द्या: ‘विरुद्ध पक्षाचे सर्व कागद आणि आयोगाचे सर्व आदेश मला मजकूर असलेल्या फाइलमध्येही मिळावेत.’ ‘सर्व’ हा शब्द गाळू नका.